सीमा सरकली, घर तिथेच राहिले

आपल्यापैकी बऱ्याच घरांतले कोणी ना कोणी आता अमेरिकेत असते. मुलगा, सून, भाची, नात. आईवडील उन्हाळ्यात दोन-चार महिने जाऊन येतात आणि फिरण्याची यादी बहुधा ठरलेली असते : नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, लास व्हेगस, ग्रँड कॅन्यन. या यादीत सहसा नसलेल्या एका भागाबद्दल हा लेख आहे. न्यू मेक्सिको हे राज्य आणि त्याच्या उत्तरेला लागून असलेला कोलोरॅडोचा दक्षिण भाग. इथे डोळे दिपवणारे काही नाही. मातीची घरे आहेत, चारशे वर्षांपूर्वी आलेल्या स्पॅनिश भाषक कुटुंबांची गावे आहेत आणि त्यांचा संसार मांडून ठेवलेली लहानमोठी संग्रहालये आहेत.

आपल्यासारख्या वाचकांना हा मुलूख जवळचा वाटावा याला एक कारण आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद इथल्या मराठी माणसाला पाच-सहा पिढ्या झाल्या तरी कोणीतरी विचारतेच, "पण तुम्ही मूळचे कुठले?" बेळगाव भागातल्या कुटुंबांनी तर १९५६ साली घर न हलवता राज्य बदललेले पाहिले. न्यू मेक्सिकोतल्या स्पॅनिश भाषकांना हा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षे विचारला जात आहे. त्यांच्याकडे त्याचे तयार उत्तर आहे : आम्ही सीमा ओलांडून आलो नाही, सीमाच आम्हाला ओलांडून गेली. हे उत्तर खरे आहे, पण अर्धे. इथली चांगली संग्रहालये उरलेला अर्धा भागही सांगतात, आणि म्हणून ती वेळ काढून पाहावीत.

आधी थोडा इतिहास

१५९८ साली हुआन दे ओन्याते हा सरदार मेक्सिकोतून सैनिक, कुटुंबे, पाद्री, गुरे-मेंढ्या आणि सामानाच्या गाड्या घेऊन रिओ ग्रांडे नदीच्या काठाने उत्तरेला आला. इंग्रजांची जेम्सटाउनची वसाहत १६०७ ची आणि मेफ्लॉवर जहाज १६२० चे. म्हणजे शाळेतल्या पुस्तकात अमेरिकेची गोष्ट जिथे सुरू होते, त्याआधीच इथे स्पॅनिश बोलणारी वस्ती होती. १६१० च्या सुमारास सांता फे वसले. मेक्सिको शहरापासून सांता फेपर्यंतचा राजरस्ता, कामिनो रिआल, सुमारे २,५०० किलोमीटरचा होता. सामानाचा तांडा एका बाजूने यायला सहा महिने लागत. कागद, लोखंड, साखर, चर्चची घंटा, सगळे याच रस्त्याने यायचे. जे येत नसे ते इथेच माती, लाकूड, लोकर आणि कातडे यांतून करावे लागे. इथल्या संग्रहालयांतल्या बहुतेक वस्तू या गरजेतून जन्मल्या आहेत.

१८२१ मध्ये मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला. १८४६ मध्ये अमेरिकेचे सैन्य सांता फेत शिरले आणि २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाने मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा प्रदेश अमेरिकेकडे गेला. इथल्या लोकांना नागरिकत्व आणि मालमत्तेच्या संरक्षणाचे वचन मिळाले. पण न्यू मेक्सिकोला राज्याचा दर्जा मिळायला १९१२ साल उजाडले. स्पॅनिश बोलणाऱ्या, कॅथलिक लोकांचे राज्य आपल्यात घ्यावे का, ही शंका वॉशिंग्टनमधल्या अनेकांच्या मनात होती. मध्ये चौसष्ट वर्षे गेली.

आल्बुकर्की : सुरुवात इथून

विमानाने येणारे बहुतेक जण आल्बुकर्कीला उतरतात. इथल्या बारेलास या जुन्या वस्तीत नॅशनल हिस्पॅनिक कल्चरल सेंटर आहे. ते २००० साली सुरू झाले. त्याच्या आवारात बुरुजासारखी एक गोल इमारत आहे. तिच्या आतल्या भिंतीवर फ्रेदेरिको विहिल या चित्रकाराने सुमारे ४,००० चौरस फुटांचे भित्तिचित्र काढले आहे. ओल्या गिलाव्यावर रंग भरण्याची ही जुनी रीत असल्याने कामाला जवळजवळ दहा वर्षे लागली.

या चित्रात फक्त स्पेन नाही. स्पेनवर शतकानुशतके राज्य केलेले अरब आहेत, ज्यू आहेत, मेक्सिकोतल्या जुन्या संस्कृती आहेत, रिओ ग्रांडेकाठचे प्युब्लो लोक आहेत. आम्ही शुद्ध अमुक रक्ताचे, असे म्हणण्याची सोयच ते ठेवत नाही. पुढच्या प्रवासासाठी ही चांगली तयारी आहे.

सांता फे : राजवाडा आणि त्याचा पडवीतला बाजार

आल्बुकर्कीहून सांता फे सुमारे शंभर किलोमीटर. शहराच्या मुख्य चौकात, प्लाझावर, एक लांबलचक बैठी मातीची इमारत आहे. तिला पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स म्हणतात, पण राजवाडा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येते तसे तिथे काही नाही. जाड भिंती, लाकडी तुळया, समोर लांब पडवी. १६१० च्या सुमारास बांधलेली ही इमारत स्पेन, प्युब्लो, मेक्सिको आणि अमेरिका अशा चार सत्तांनी वापरली. १९०९ पासून ती संग्रहालय आहे. २००९ मध्ये तिच्या मागेच न्यू मेक्सिको हिस्टरी म्युझियमची नवी इमारत उघडली.

या यादीतले प्युब्लो हे नाव महत्त्वाचे आहे. स्पॅनिश लोक आले तेव्हा हा मुलूख रिकामा नव्हता. मातीची मजली घरे बांधून, मका पिकवून राहणारे प्युब्लो लोक इथे शतकानुशतके होते. ओन्यातेच्या माणसांनी १५९९ च्या जानेवारीत अकोमा या गावावर हल्ला करून शेकडो माणसे मारली, आणि पकडलेल्या पुरुषांपैकी पंचवीस वर्षांवरच्यांचा एक पाय तोडण्याची शिक्षा सुनावली. पुढे वेठ, खंडणी आणि त्यांच्या धर्मविधींवर बंदी. १६८० च्या ऑगस्टमध्ये पोपे या पुढाऱ्याने अनेक गावांना एकत्र आणले. निरोप कसा पाठवला? गाठी मारलेल्या दोऱ्या घेऊन धावपटू गावोगाव गेले. रोज एक गाठ सोडायची, शेवटची गाठ सुटेल त्या दिवशी उठाव. बातमी फुटल्यामुळे उठाव थोडा आधीच झाला. सुमारे हजार स्पॅनिश माणसे याच इमारतीच्या आसऱ्याला आली, तेव्हा प्युब्लोंनी पाण्याचा पाट तोडला. पाणी संपल्यावर स्पॅनिश लोक दक्षिणेला निघून गेले आणि प्युब्लोंनी त्यांना जाऊ दिले. पुढची बारा वर्षे या राजवाड्यात प्युब्लो कुटुंबे राहिली. १६९२ मध्ये दिएगो दे वार्गास परत आला.

संग्रहालय हा भाग झाकून ठेवत नाही. त्याच्या संग्रहातली सेगेसर नावाने ओळखली जाणारी कातड्यावरची मोठी चित्रे जरूर पाहा. त्यांतल्या एकात १७२० साली विलासूर या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या तुकडीचा पॉनी आणि ओटो लोकांनी केलेला दारुण पराभव रंगवला आहे. ही चित्रे अठराव्या शतकात एका पाद्रीने स्वित्झर्लंडला आपल्या घरी पाठवली होती. दोनशेहून अधिक वर्षांनी ती परत आली. आपल्या माणसांच्या पराभवाचे चित्र लोक एवढ्या अभिमानाने जपतात, हे पाहून बरे वाटते.

बाहेर पडवीत प्युब्लो, नवाहो आणि इतर मूलनिवासी कारागीर कापड अंथरून चांदीचे दागिने आणि मातीची भांडी विकायला बसतात. हा संग्रहालयाचाच उपक्रम आहे. वस्तू करणाऱ्याच्या घरातलेच कोणी ती विकायला असते. घासाघीस न करता दोन शब्द बोलावेत, कारागीर आवडीने सांगतात.

वेळ असेल तर शहराबाहेरच्या म्युझियम हिलवर जावे. तिथे पूर्वीचे म्युझियम ऑफ स्पॅनिश कोलोनियल आर्ट आहे. आता त्याचे नाव नुएवो मेहिकानो हेरिटेज आर्ट्स म्युझियम झाले आहे. लाकडात कोरलेले आणि फळीवर रंगवलेले संत, लोकरीचे भरतकाम, पेंढ्याच्या काड्या चिकटवून केलेले क्रूस. सोने मिळत नाही तर पेंढ्याची चमक वापरायची, अशी ही कला. घडवणारे कारागीर बरेचदा शेतकरी असत.

गोलोंद्रिनास : मुलांना न्यायची जागा

सांता फेच्या दक्षिणेला ला सिएनेगा गावाजवळ एल रांचो दे लास गोलोंद्रिनास आहे. नावाचा अर्थ पाकोळ्यांचा मळा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा हा मळा राजरस्त्यावरचा मुक्काम होता. १९७२ पासून ते उघड्यावरचे संग्रहालय आहे. काचेच्या कपाटांऐवजी इथे चालती पाणचक्की, माग, लोहारसाळ, मेंढ्या आणि टेहळणीचा बुरूज आहे. काही इमारती दुसऱ्या गावांतून आणून उभ्या केल्या आहेत. उत्सवाच्या दिवशी जुन्या वेषातले स्वयंसेवक सूत कातून, पाव भाजून दाखवतात.

आपल्या घरातल्या आजी-आजोबांना इथे समजावून सांगावे लागत नाही. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा, वर तुळया, त्यांवर काटक्या आणि माती : हे आपले धाब्याचे घर. भिंतींना माती आणि पेंढा कालवून दरवर्षी हात फिरवायचा, आणि हे काम परंपरेने बायकांचे : हे आपले सारवण. ताओसजवळच्या रांचोस दे ताओसमधल्या चर्चच्या भिंतींना अजूनही दर उन्हाळ्यात गावकरी मिळून माती लावतात. दाराबाहेर लाल मिरच्यांच्या लांब माळा. मिरची मूळची त्यांच्याच खंडातली, पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. अंगणात घुमटाच्या आकाराची मातीची भट्टी, ओर्नो. तिच्यातून निघणाऱ्या पावाला स्पॅनिशमध्ये पान म्हणतात. आपल्याकडे तो पोर्तुगिजांकडून आला म्हणून पाव झाला. साबण आणि चावी हे आपले शब्दही तिकडूनच आले, आणि स्पॅनिशमध्ये त्यांची चुलत भावंडे आहेत.

इथे पाहायची सगळ्यांत मोलाची गोष्ट मात्र एक साधा पाट आहे. त्याला असेकिया म्हणतात. हा शब्द अरबीतून स्पॅनिशमध्ये आला. नदीचे पाणी वळवून शेतांना आळीपाळीने द्यायचे, वसंत ऋतूत सर्वांनी मिळून पाट साफ करायचा, आणि पाळ्या ठरवायला एक मायोरदोमो निवडायचा. आपल्या खानदेशातली फड पद्धत आणि तिचा पाटकरी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही. न्यू मेक्सिकोत अशा शेकडो असेकिया आजही चालू आहेत. देश दोन वेळा बदलला, पाटाची पाळी बदलली नाही.

ताओस : वाडा आणि त्यातली माणसे

सांता फेहून ताओस सुमारे ११० किलोमीटर. वाटेत चिमायो लागते. तिथल्या १८१६ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या चर्चला गुड फ्रायडेच्या दिवसांत हजारो लोक पायी येतात आणि तिथली चिमूटभर माती घेऊन जातात.

ताओसमध्ये हासिएंदा दे लोस मार्तिनेस हे घर पाहावे. सेवेरिनो मार्तिनेस यांनी ते १८०४ मध्ये घेतले आणि वाढवत नेले. दोन चौक, त्यांभोवती एकवीस खोल्या, बाहेरच्या भिंतींना जवळजवळ खिडक्या नाहीत, गाड्या आत येतील एवढा मोठा दरवाजा. हल्ला झाला तर गुरांसकट सगळे आत. आपल्याकडचा जुना वाडा ज्यांनी पाहिला आहे, ते इथे वाट चुकणार नाहीत. सेवेरिनो यांचा मुलगा पाद्री आंतोनियो होसे मार्तिनेस यांनी ताओसमध्ये शाळा चालवली आणि छापखाना आणून पुस्तके छापली. रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी, डोंगरातल्या या गावात, स्वतःच्या भाषेत.

पण याच घरांत दुसरीही माणसे होती. लढायांत पकडलेली किंवा विकत घेतलेली मूलनिवासी मुले स्पॅनिश घरांत बाप्तिस्मा देऊन चाकरीला ठेवली जात. त्यांना आणि त्यांच्या वंशजांना हेनीसारो म्हणत. अबिक्यू हे गाव १७५४ मध्ये अशा लोकांचेच म्हणून वसवले गेले. अनेक स्पॅनिश भाषक कुटुंबे आता आपल्या वंशावळीत ही नावे शोधत आहेत. ताओस प्युब्लो ही मूलनिवासींची मजली वस्ती तिथून जवळच आहे. ती जागतिक वारसा स्थळ आहे आणि तिथे आजही लोक राहतात. हासिएंदा आणि प्युब्लो एकाच दिवशी पाहावीत. एकावाचून दुसरे समजत नाही.

कोलोरॅडो : सान लुइस, फोर्ट गारलंड, त्रिनिदाद

ताओसहून उत्तरेला तासा-दीड तासात कोलोरॅडोतले सान लुइस लागते. १८५१ साली न्यू मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांनी वसवलेले हे कोलोरॅडोतले सर्वांत जुने गाव. १८५२ मध्ये त्यांनी खणलेला पाट हा त्या राज्यातला सलग वापरात असलेला सर्वांत जुना पाणीहक्क आहे. गावाला चराईचे सामाईक कुरण आहे, आणि डोंगरातून सरपण, लाकूड आणण्याचा हक्कही होता. १९६० मध्ये एका लाकूड व्यापाऱ्याने तो डोंगर विकत घेऊन कुंपण घातले. गावकरी कोर्टात गेले. निकाल २००२ मध्ये लागला, आणि मूळ वसाहतकऱ्यांच्या वारसांना चराई, सरपण आणि लाकडाचा हक्क परत मिळाला. वाडवडिलांच्या नावचे जुने कागद कशासाठी जपायचे, याचे याहून चांगले उत्तर कोणते?

तिथून पंचवीसेक किलोमीटरवर फोर्ट गारलंड. १८५८ ची ही लष्करी छावणी आता संग्रहालय आहे. अलीकडच्या वर्षांत तिथे दक्षिण कोलोरॅडोतल्या मूलनिवासींच्या गुलामगिरीवर 'अनसायलेन्स्ड' हे प्रदर्शन मांडले गेले. त्याचा आधार एक सरकारी कागद आहे. १८६५ मध्ये लफाएत हेड या अधिकाऱ्याने या भागातल्या घरांत ठेवलेल्या शंभराहून अधिक मूलनिवासींची यादी केली होती. प्रतिष्ठित घराणी, त्यांच्यापुढे त्यांच्या घरातली ही माणसे. पाहणाऱ्यांत त्या घराण्यांचे वंशजही असतात आणि त्या माणसांचेही. पुष्कळदा दोन्ही एकच.

शेवटचा मुक्काम त्रिनिदाद. इथल्या संग्रहालयाच्या आवारात फेलिपे आणि दोलोरेस बाका यांचे १८७० सालचे दुमजली मातीचे घर आहे. १८७३ मध्ये बाकांनी ते सुमारे १०,००० किलो लोकर देऊन घेतले, असे सांगतात. याच परिसरातले कासिमिरो बारेला हे कोलोरॅडोच्या सिनेटमध्ये कित्येक वर्षे होते. १८७६ मध्ये राज्याची घटना झाली तेव्हा त्यांनी आग्रह धरला, आणि राज्याचे कायदे इंग्रजीबरोबर स्पॅनिश आणि जर्मनमध्येही छापायची तरतूद झाली. ती १९०० पर्यंत टिकली. डेन्व्हरच्या विधानभवनाच्या घुमटातल्या रंगीत काचचित्रांत त्यांचे चित्र आहे.

भाषेचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. इथल्या जुन्या गावांतल्या स्पॅनिशमध्ये स्पेनमध्ये केव्हाच मागे पडलेले शब्द टिकून राहिले. तंजावरच्या मराठीत राहिले तसेच. पण शाळा इंग्रजी झाल्या, आणि आता आजीला येते, नातवाला कळते पण बोलता येत नाही, अशी घरे पुष्कळ आहेत. ही गोष्ट आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

जाताना लक्षात ठेवावे

पाच-सहा दिवस हाताशी ठेवावेत. सांता फे आणि ताओस दोन्ही सुमारे ७,००० फुटांवर आहेत, त्यामुळे पहिल्या दिवशी दम लागतो. पाणी भरपूर प्यावे, टोपी घ्यावी. गोलोंद्रिनास थंडीत नेहमीप्रमाणे उघडे नसते, बाकीची संग्रहालये आठवड्यात एखादा दिवस बंद असतात. वेळा आधी पाहाव्यात. प्युब्लो गावांत फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी, विधी चालू असतील तर कॅमेरा बाहेर काढूच नये. शाकाहारी मंडळींनी विचारून खावे. राजम्यासारख्या घेवड्यात आणि बिस्कोचितो नावाच्या बिस्किटांतही पुष्कळदा डुकराची चरबी असते. मक्याची पोळी, मध घातलेली सोपापिया आणि हिरव्या मिरचीची चटणी यांवर दिवस छान निघतो.

आपल्यासाठी एक विचार

आपल्या गावांतही संग्रहालये आहेत. ग्वाल्हेरचा जयविलास, इंदूरचा लालबाग, बडोद्याचे संग्रहालय. पण ती मुख्यतः राजांची. त्या राजांबरोबर आलेले कारकून, शिक्षक, भिक्षुक, शिलेदार, सुतार यांची घरे एकेक करून पडत आहेत आणि त्यांतले सामान भंगारात जात आहे. बाकांचे घर हे शेवटी एका कुटुंबाचे घरच आहे. कोणीतरी ते वेळेवर राखले, एवढेच.

मंडळाच्या एखाद्या खोलीत एक कपाट पुरेल. त्यात आजोबांचे नेमणूकपत्र, पणजीचे पाटा-वरवंटा, दप्तरातले मोडी कागद, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे जुने फोटो ठेवता येतील. तरुण मंडळींनी मोबाइलवर आजी-आजोबांचे बोलणे नोंदवून ठेवावे. आणि फोर्ट गारलंडने केले ते आपणही करावे : आपले पूर्वज आले तेव्हा इथे आधी कोण राहत होते, त्यांचे आपल्या घराशी नाते कसे होते, घरात राबणारी माणसे कोण होती, त्यांची नावे काय, तेही विचारून लिहून ठेवावे. सांगू शकणारी माणसे अजून आहेत. या दिवाळीत सगळे घरी जमतील, तेव्हाच सुरुवात करता येईल.